क्रॉस मारण्याआधी

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या कच्च्या कामाच्या वह्यांत एक आकृती पानोपानी असते. वर दोन आकडे, मध्ये एक, खाली पुन्हा दोन, आणि त्यांना जोडणाऱ्या दोन तिरक्या रेघा. मुलं तिला अलिगेशन म्हणतात, घाईत असली की नुसतं ‘क्रॉस’. २० टक्के आणि ५० टक्के आम्लाची द्रावणं मिसळून ३० टक्क्यांचं करायचंय, प्रमाण काय? वर २० आणि ५०, मध्ये ३०, तिरक्या वजाबाक्या, खाली २० आणि १०, म्हणजे २:१. घाई उगाच नसते. आयबीपीएसच्या प्रोबेशनरी ऑफिसर पदाच्या पूर्वपरीक्षेत गणिताच्या विभागाला ३५ प्रश्न आणि २० मिनिटं. भागाकार केला की एका प्रश्नाच्या वाट्याला ३४ सेकंद येतात. त्यात प्रश्न वाचायचा, सोडवायचा, पर्याय निवडायचा. आणि चुकला तर त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापून द्यायचा.

शिक्षणाविषयी कळकळीनं बोलणाऱ्यांना हा क्रॉस खुपतो. त्यांचं म्हणणं असं, की समीकरण मांडून ‘क्ष’ काढणारा मुलगा विचार करतो आणि क्रॉस मारणारा नुसती नक्कल करतो. मला हे पटत नाही. क्रॉसमध्ये विचार आहे, तो फक्त आवळून बसवलेला आहे. ३० टक्के हवंय, तर २० टक्क्यांच्या प्रत्येक लिटरमागे १० ची तूट पडते आणि ५० टक्क्यांच्या प्रत्येक लिटरमागे २० ची शिल्लक राहते. एका लिटरची शिल्लक फेडायला दोन लिटरची तूट लागणार. तिरक्या रेघा याच हिशेबाच्या आहेत, म्हणून तर एकाचा फरक दुसऱ्याखाली लिहायचा. हे ज्याला कळलं त्याचं उत्तर २:१ ऐवजी १:२ होत नाही, कारण ३० हा आकडा २० च्या जवळ आहे, तेव्हा २० वालं द्रावणच जास्त लागणार, हे त्याला पेन टेकवण्याआधी दिसतं. काही पर्याय तिथेच गळतात.

शिवाय ही युक्ती क्लासवाल्यांनी काढलेली नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, सोन्याच्या मिश्रणाचं वेगळं प्रकरण आहे. वर्ण म्हणजे सोन्याच्या शुद्धतेचं माप; १६ वर्णाचं आणि १० वर्णाचं सोनं एकत्र वितळवलं आणि १२ वर्णाचं झालं, तर कुठलं किती होतं, असा प्रश्न त्यात येतो. नियम तोच: १६ तून १२ गेले ४, ते हलक्या सोन्याचे भाग; १२ तून १० गेले २, ते शुद्ध सोन्याचे. (चाळीसगावजवळच्या पाटणे इथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. शिकवणीची परंपरा आपल्याकडे जुनी आहे म्हणायची.) पण लीलावतीत या नियमाच्या आधी दुसरा नियम येतो: प्रत्येक सोन्याचं वजन आणि वर्ण यांचा गुणाकार करा, ते गुणाकार मिळवा, एकूण वजनानं भागा. १३, १२, ११ आणि १० वर्णांचं सोनं अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ मासे घेतलं, तर बेरीज २४०, वजन २० मासे, वर्ण १२. त्यालाच जोडून पुढचा प्रश्न: हेच सोनं शुद्ध करताना १६ मासे उरलं, तर वर्ण किती? २४० तसेच राहतात, भागायचं मात्र १६ नं. उत्तर १५. काय बदललं आणि काय तसंच राहिलं, हे पाहण्याचा सराव तिथे आधी होतो. क्रॉस नंतर येतो.

आजच्या तयारीत हा क्रम मोडला आहे, आणि माझी तक्रार तिथे आहे. क्लासमध्ये एकाच गोष्टीचे ‘टाइप’ पाडले जातात. दूध-पाण्याचा टाइप, आम्लाचा टाइप, दोन भावांचा तांदूळ मिसळण्याचा टाइप, नफ्याचा टाइप, पिंपातून काढून पाणी भरण्याचा टाइप. प्रत्येकाची वेगळी ट्रिक. ४० लिटर दुधातून ४ लिटर काढून तेवढंच पाणी भरलं, असं तीनदा केलं, तर दूध किती उरलं? दर वेळी दहातले नऊ भाग उरतात, म्हणून २९.१६ लिटर. यात पाठ करण्यासारखं काही नाही, तरी त्याचं चौकटीतलं सूत्र मुलं परीक्षेच्या दारात पुटपुटत असतात. घोकंपट्टी कुठे असेल तर ती इथे आहे, क्रॉसमध्ये नाही.

बेदाण्याचं गणित घ्या. १०० किलो द्राक्षांत ८० टक्के पाणी आहे, वाळवल्यावर बेदाण्यात २० टक्के पाणी राहिलं, बेदाणा किती? ८० तून २० वजा करून ६० किलो पाणी उडालं आणि ४० किलो बेदाणा उरला, हे उत्तर फार मोहात पाडतं. तासगावच्या बागाईतदाराला विचारलं तर तो कागदाशिवाय सांगेल, साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो. पहिले ८० टक्के १०० किलोंचे आहेत आणि नंतरचे २० टक्के कशाचे, तेच तर काढायचंय. त्यांची वजाबाकी होतच नाही. पाणी सोडून जो गर आहे तो २० किलो, आणि तो उन्हात उडत नाही. बेदाण्यात तोच ८० टक्के, म्हणून बेदाणा २५ किलो. गंमत अशी की क्रॉसही इथे चालतो. द्राक्ष म्हणजे बेदाणा अधिक उडून गेलेलं पाणी. एकीकडे २० टक्के पाणी, दुसरीकडे १००, मध्ये ८०; खाली २० आणि ६०, म्हणजे १:३, अर्थात २५ आणि ७५ किलो. पण वाळवणं हे उलट्या बाजूनं मिसळणंच आहे हे आधी सुचायला हवं. हे गणित क्लासच्या यादीत बहुधा ‘शेकडेवारी’खाली असतं, ‘मिश्रणा’खाली नाही, म्हणून क्रॉस पाठ असलेल्यालाही ते सुचत नाही.

यावर एक सरळ आक्षेप आहे: ३४ सेकंदांत असं काही सुचायची सोय कुठे? मान्य. यूपीएससीच्या सीसॅटमध्ये ८० प्रश्नांना दोन तास, म्हणजे दीड मिनिट तरी मिळतं. ३४ सेकंदांत परीक्षा बरंचसं हाताचं वळणच मोजते. पण वेळ थोडा म्हणून टाइप ओळखून ट्रिक लावावी, हे त्यातून निघत नाही. कुठल्या पेटीतली ट्रिक हे आठवण्यातही सेकंद जातात. काय बदललं नाही हा एकच प्रश्न सगळ्या पेट्यांना पुरतो, आणि सरावानं तो चार-पाच सेकंदांत विचारून होतो.

दुसरा आक्षेप उपयोगाचा. परीक्षेतलं ‘शुद्ध दूध’ खोटं आहे हे खरंच. गाईच्या दुधातच सुमारे ८७ टक्के पाणी असतं, आणि ५० मिली अल्कोहोलमध्ये ५० मिली पाणी ओतलं तर १०० मिली भरत नाही, तीन-चार मिली कमी भरतं. पण क्रॉस मात्र खोटा नाही. डेअरीत पिअर्सन चौकोन या नावानं तोच वापरतात. ६ फॅटचं म्हशीचं दूध आणि ०.१ फॅटचं स्किम दूध मिसळून ४.५ फॅटचं प्रमाणित दूध करायचं तर ४.४ भाग दूध आणि १.५ भाग स्किम. हजार किलोंत साधारण ७४६ आणि २५४. फरक एवढाच की तिथे मिसळून झाल्यावर फॅट पुन्हा तपासतात आणि कमी-जास्त असेल तर सुधारतात. परीक्षार्थ्याला तपासायला फक्त पर्याय असतात.

आणि पर्याय साळसूद नसतात. एका भांड्यात दूध-पाणी ३:१, दुसऱ्यात ४:१, दोन्ही सारख्या मापानं मिसळली, तर प्रमाण काय? ३ आणि ४ सात, १ आणि १ दोन, ७:२. हे दहा सेकंदांत होतं आणि पर्यायांत हजर असतं. दोन्ही भांडी २० लिटरची धरली तर १५ आणि १६ मिळून ३१ लिटर दूध, ५ आणि ४ मिळून ९ लिटर पाणी, म्हणून ३१:९. टक्क्यांत पाहिलं तर ७७.५ आणि ७७.८, इतका बारीक फरक की अंदाजानंही पकडता येत नाही. ७:२ हेही कुठल्याशा गणिताचं बरोबर उत्तर आहे: पहिलं भांडं ४ लिटरचं आणि दुसरं ५ लिटरचं असतं, तर. प्रश्न काढणाऱ्याला हे ठाऊक असतं. ‘सारख्या मापानं’ हे दोन शब्द वाचणारा आणि गाळणारा, दोघांसाठी त्यानं एकेक पर्याय ठेवलेला असतो.