छायाचित्रणातील शटरध्वनी : तांत्रिक स्वरूप, व्यावसायिक महत्त्व आणि नैतिक प्रश्न

प्रस्तावना

छायाचित्रण ही दृक्-कला आहे. कॅमेऱ्याचा विचार करताना भिंगाची गुणवत्ता, प्रकाशग्रहणाची क्षमता आणि चित्राची सुस्पष्टता या बाबींना साहजिकच अग्रस्थान मिळते. कॅमेरा कसा दिसतो व काय टिपतो याची चर्चा पुष्कळ होते. तो कसा ऐकू येतो, याची मात्र फारशी होत नाही. वस्तुतः छायाचित्र घेतले जाते त्या क्षणी होणारा शटरचा आवाज हा छायाचित्रकार आणि त्याच्यासमोरील व्यक्ती, प्राणी वा प्रसंग यांच्यातील संबंधावर प्रत्यक्ष परिणाम करीत असतो. हा आवाज कसा निर्माण होतो, तो कोणत्या क्षेत्रांत खरोखर महत्त्वाचा ठरतो आणि तो पूर्णपणे नाहीसा झाल्यास कोणते प्रश्न उभे राहतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. शटरध्वनीची निर्मिती

शटर म्हणजे प्रकाशाला ठरावीक काळापुरताच आत येऊ देणारी यांत्रिक झडप होय. तिचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात भिंगातच बसविलेली लहान धातूची पाती मध्यापासून उघडतात व पुन्हा मिटतात. ही पाती हलकी असून त्यांना थोडेच अंतर कापावे लागते. त्यामुळे त्यांचा आवाज अत्यंत सौम्य असतो. १९२९ साली बाजारात आलेल्या रोलायफ्लेक्स या दुहेरी भिंगाच्या कॅमेऱ्यात याच प्रकारचे शटर होते. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून मान्यता पावलेल्या होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी रोलायफ्लेक्सचा वापर केला होता.

दुसऱ्या प्रकारात फिल्मच्या अथवा संवेदकाच्या लगत पुढे दोन पडदे असतात. पहिला पडदा सरकून प्रकाशाला वाट देतो आणि दुसरा त्यामागोमाग येऊन ती बंद करतो. लायका कॅमेऱ्यात हे पडदे रबराचा लेप दिलेल्या कापडाचे असून आडवे सरकत. १९६०च्या दशकात उभ्या दिशेने सरकणाऱ्या धातूच्या पात्यांचे शटर प्रचारात आले. त्यामुळे वेग वाढला, परंतु आवाजही अधिक तीक्ष्ण झाला.

सामान्य माणूस ज्याला शटरचा आवाज म्हणतो, त्यात शटरखेरीज इतर भागांचाही मोठा वाटा असतो. सिंगल लेन्स रिफ्लेक्स अर्थात एसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेली प्रतिमा एका आरशाद्वारे दर्शिकेकडे वळविली जाते. चित्र घेताना हा आरसा वर आपटतो व क्षणार्धात पुन्हा खाली येतो. त्यात फिल्म पुढे नेणाऱ्या अथवा शटर पुन्हा सज्ज करणाऱ्या मोटारीच्या घरघरीची भर पडते. म्हणूनच आरसा नसलेला लायका आणि आरसा असलेला एसएलआर यांच्या आवाजात कानाला सहज जाणवणारा फरक असतो. आरशाच्या हादऱ्यामुळे मंद शटरवेगावर, विशेषतः लांब पल्ल्याच्या भिंगाबरोबर, चित्र किंचित पुसट होण्याचाही संभव असतो. अशा वेळी आवाज आणि अस्पष्टता ही एकाच कंपनाची दोन लक्षणे ठरतात.

२. आवाजाचे मापन आणि परिसर

ध्वनीची तीव्रता डेसिबल या लघुगणकीय एककात मोजतात. तीव्रता दहापट झाली की मापात १० डेसिबलची वाढ होते. मानवी कानाला मात्र तो आवाज साधारणपणे दुप्पट झाल्यासारखा वाटतो. मोकळ्या जागेत ध्वनिस्रोतापासूनचे अंतर दुप्पट झाले की सुमारे ६ डेसिबलची घट होते. समजा, एखाद्या कॅमेऱ्याचा आवाज १ मीटर अंतरावर ६० डेसिबल भरला, तर तो ४ मीटरवर सुमारे ४८ आणि १६ मीटरवर सुमारे ३६ डेसिबल इतका उरेल. बंद सभागृहात भिंतींवरून होणाऱ्या परावर्तनामुळे ही घट कमी होते.

या हिशेबावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. शटरध्वनीचा उपद्रव केवळ कॅमेऱ्यावर अवलंबून नसून परिसरातील शांततेवरही अवलंबून असतो. आठवडी बाजारात, मिरवणुकीत अथवा क्रिकेटच्या मैदानात सर्वांत मोठ्या आवाजाचा कॅमेराही कोणाच्या लक्षात येत नाही. परंतु ख्यालगायनातील आलाप संथपणे उलगडत असताना, नाटकातील पात्र बोलता बोलता थांबले असताना किंवा अंत्यसंस्काराच्या प्रसंगी तोच आवाज टाचणी पडावी तसा नव्हे, तर दार आपटावे तसा वाटतो. म्हणून ‘हा कॅमेरा किती आवाज करतो?’ या प्रश्नापेक्षा ‘तो कोठे आवाज करतो?’ हा प्रश्न अधिक योग्य होय.

३. मौनाची गरज असलेली क्षेत्रे

(अ) वृत्तछायाचित्रण : जर्मन छायाचित्रकार एरिख सॉलोमन यांनी १९२८ पासून न्यायालये आणि आंतरराष्ट्रीय परिषदा यांतील प्रसंग लहान कॅमेऱ्याने, कोणाच्या नकळत टिपले. पुढे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी लायका हेच आपले मुख्य साधन मानले. कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग ते काळ्या पट्टीने झाकत असत. दृष्टीस न पडणे आणि कानावर न येणे ही एकाच कार्यपद्धतीची दोन अंगे होती. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या होण्यापूर्वी थोडा वेळ त्यांची भेट घेऊन छायाचित्रे टिपणारे छायाचित्रकार हेच होत.

(आ) वन्यजीव : वाघ, हरीण यांसारख्या प्राण्यांची श्रवणशक्ती माणसापेक्षा तीक्ष्ण असते. जिम कॉर्बेट यांनी ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ (१९४४) या ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात आपला एक प्रयोग सांगितला आहे. वाघांचे चलच्चित्रण करताना कॅमेऱ्याचा आवाज त्यांना जाणवू नये म्हणून त्यांनी ओढ्याला लहान लहान बांध घालून छोटे धबधबे तयार केले व त्यांच्या खळखळाटात यंत्राचा आवाज लपविला. यंत्र शांत करता येत नसेल, तर परिसर बोलका करावा, हे या युक्तीमागील तत्त्व होते.

(इ) चित्रपट आणि रंगमंच : बोलपटाच्या आरंभकाळात चित्रणयंत्राची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून ते यंत्रच बंद कोठडीत ठेवावे लागे. चित्रीकरणस्थळी स्थिरचित्रे घेणाऱ्या छायाचित्रकारासमोरही हीच अडचण असे. ‘लगान’ (२००१) सारख्या, प्रत्यक्ष चित्रीकरणाच्या वेळीच संवाद ध्वनिमुद्रित करणाऱ्या चित्रपटांत एक ‘खट्’ असा आवाजही दृश्य वाया घालवू शकतो. त्यासाठी ध्वनिशोषक अस्तर असलेली, कॅमेऱ्याभोवती बसणारी पेटी वापरली जाई. ती अवजड असे आणि तिच्यातून कॅमेऱ्याची बटणे हाताळणे कष्टाचे होई.

(ई) क्रीडा : गोल्फमध्ये खेळाडूने फटक्यासाठी काठी उचलल्यापासून चेंडूला स्पर्श होईपर्यंत शटर दाबू नये, असा संकेत रूढ झाला. परिणामी त्या हालचालीची जवळून घेतलेली छायाचित्रे दीर्घकाळ दुर्मिळ राहिली. येथे आवाजाने छायाचित्रकाराच्या विषयनिवडीलाच मर्यादा घातल्याचे दिसते.

४. निर्मात्यांचे प्रयत्न

आवाज कमी करण्यासाठी निर्मात्यांनी मोजलेली किंमत पाहिली, तर या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येते. कॅननच्या पेलिक्स (१९६५) या कॅमेऱ्यात न हलणारा अर्धपारदर्शक आरसा बसविला होता; मात्र त्यामुळे काही प्रकाश दर्शिकेकडे जाऊन चित्रासाठी कमी प्रकाश उरे. लायकाच्या एम८ (२००६) या डिजिटल कॅमेऱ्यात कापडी पडद्यांऐवजी धातूच्या पात्यांचे शटर आले. त्याचा कमाल वेग १/८००० सेकंद होता, परंतु जुन्या लायकाच्या सौम्य आवाजाची सवय असलेल्यांना त्याचा आवाज खटकला. २००८ साली आलेल्या एम८.२ मध्ये शटर अधिक शांत करण्यात आले व त्यासाठी कमाल वेग १/४००० सेकंदापर्यंत खाली आणण्यात आला. वेगाचा निम्मा भाग सोडून शांतता स्वीकारली गेली, ही बाब बोलकी आहे.

यानंतर इलेक्ट्रॉनिक शटरने चित्र पालटले. यात कोणताही भाग हलत नाही. संवेदकावरील प्रकाशबिंदूंच्या ओळी विद्युत्पद्धतीने वाचल्या जातात. मात्र ओळी एकामागून एक वाचल्या जात असल्याने वेगाने हलणारी वस्तू तिरपी अथवा वाकलेली दिसू शकते. भारतात विद्युत्पुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने काही दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक उजळतात. अशा प्रकाशात चित्रावर आडवे पट्टे उमटतात. सोनी ए९ (२०१७) मध्ये संवेदकाच्या वाचनाचा वेग वाढवून हे दोष बरेच कमी करण्यात आले. निकॉनच्या झेड९ (२०२१) मधून यांत्रिक शटर काढूनच टाकण्यात आले. नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सोनी ए९ थ्री या कॅमेऱ्यात संपूर्ण संवेदक एकाच क्षणी वाचला जातो. म्हणजेच संपूर्ण मौन आता तांत्रिकदृष्ट्या साध्य झाले आहे.

५. आवाजाची उपयुक्तता

तथापि शटरध्वनी हा केवळ उपद्रव नाही. चित्र घेतले गेले, याची ग्वाही छायाचित्रकाराला त्यातून मिळते. यांत्रिक कॅमेऱ्यात मंद वेगावर शटर उघडल्याचा व मिटल्याचा असे दोन स्वतंत्र आवाज ऐकू येतात आणि जाणकार कारागीर केवळ कानाने शटरचा बिघाड ओळखतो. व्यक्तिचित्रण करताना समोरील व्यक्ती त्या आवाजाच्या लयीवर आपली मुद्रा बदलते. पुष्कळदा ‘खट्’ झाल्यावर ती सैलावते आणि तिचा खरा चेहरा त्यानंतरच्या क्षणी दिसतो. मौन कॅमेऱ्यांत निर्मात्यांनी कृत्रिम शटरध्वनीची सोय ठेवली आहे, ती याच गरजेतून.

६. मौन आणि संमती

याहून गंभीर प्रश्न संमतीचा आहे. ‘आपले छायाचित्र घेतले गेले’ ही सूचना समोरच्या व्यक्तीला देण्याचे काम शटरध्वनी अनायासे करीत होता. कॅमेरा मोबाइल फोनमध्ये आल्यावर ही सूचना बंद करता येऊ लागली. जपानमध्ये चोरून छायाचित्रे घेण्याच्या प्रकारांना आळा घालण्यासाठी उत्पादक व दूरसंचार कंपन्यांनी स्वतःहून शटरध्वनी कायम ठेवण्याची प्रथा पाडली. दक्षिण कोरियात २००४ साली यासाठी ६० ते ६८ डेसिबल असे मानक ठरविण्यात आले. अमेरिकेत २००९ साली अशाच आशयाचे विधेयक मांडले गेले, परंतु ते संमत झाले नाही. भारतात आवाजाचे बंधन न घालता कृत्यालाच गुन्हा ठरविण्याचा मार्ग स्वीकारला गेला. स्त्रीच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रण करणे २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४-क मध्ये दंडनीय ठरले व १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये समाविष्ट आहे.

आवाजाच्या सक्तीला मर्यादा आहेत. गर्दीत तो ऐकू येत नाही आणि वाईट हेतू असलेला मनुष्य तो टाळण्याचा मार्ग शोधतो. उलटपक्षी, अन्यायाचा पुरावा टिपणाऱ्या वृत्तछायाचित्रकारास मौन कॅमेरा संरक्षण देऊ शकतो. एकच गुण एका हातात सौजन्य, दुसऱ्या हातात सुरक्षितता आणि तिसऱ्या हातात अपराधाचे साधन ठरतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, शटरध्वनीचे महत्त्व सर्व छायाचित्रकारांना सारखे नाही. निसर्गदृश्ये, उत्सव किंवा मैदानी क्रिकेट टिपणाऱ्यास ते नगण्य आहे. रंगमंच, वन्यजीव, चित्रपट आणि शोकप्रसंग टिपणाऱ्यास ते निर्णायक आहे. सुमारे शंभर वर्षे हा प्रश्न अभियंत्यांचा होता आणि त्यांनी तो बहुतांशी सोडविला आहे. परंतु यंत्र गप्प झाल्याने छायाचित्रकाराची जबाबदारी कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. पूर्वी समोरच्या व्यक्तीला जी जाणीव यंत्र करून देत असे, ती आता छायाचित्रकारालाच आपल्या वागण्यातून, नजरेतून आणि शब्दांतून करून द्यावी लागेल.