उपेक्षित प्लीहा

शरीराच्या डाव्या बाजूस, खालच्या बरगड्यांच्या आड, जेमतेम दीडशे ग्रॅम वजनाचा एक जांभळट अवयव वसलेला असतो. वैद्यकात त्यास प्लीहा म्हणतात. जुन्या मराठीत पानथरी. हिवतापाने पानथरी वाढते, एवढीच काय ती तिची लोकांना ओळख. चरकसंहितेने मात्र यकृत व प्लीहा यांना रक्तवह स्रोतसांचे मूळ मानले आहे, आणि गर्भावस्थेपुरते पाहिले तर आधुनिक विज्ञानाचे म्हणणे त्यापासून फार दूर नाही.

गर्भाच्या हाडांतील मज्जा कामास लागण्यापूर्वी रक्त घडविण्याचा मुख्य भार यकृत उचलते आणि प्लीहा त्यास काही काळ हातभार लावते. पुढे मज्जा ते काम आपल्याकडे घेते व प्लीहा त्यातून जवळजवळ निवृत्त होते. तरीही जुनी विद्या ती पुरती विसरत नाही. मज्जेत तंतू माजून ती निकामी होऊ लागली, किंवा थॅलॅसेमियासारख्या विकारात रक्त पुरेनासे झाले, की प्रौढ वयातही प्लीहेत पुन्हा रक्तपेशी घडू लागतात.

निरोगी माणसात तिची कामे वेगळी. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे. थकलेल्या पेशी प्लीहेच्या लाल गरातील अरुंद वाटांतून जाताना अडकतात. तेथील भक्षक पेशी त्यांना गिळतात आणि त्यांतील लोह नव्या रक्तासाठी परत पाठवितात. जुना माल मोडीत काढावा, पण धातू वाया जाऊ देऊ नये, हा व्यवहार पेढीवर बसणाऱ्यांस समजावून सांगण्याची गरज नाही. रक्त गोठविणाऱ्या बिंबिकांपैकी सुमारे एकतृतीयांश याच कोठारात असतात.

लाल गरात विखुरलेल्या पांढऱ्या गरात लसिकापेशींची वस्ती असते. रक्तातून आलेला जंतू येथे ओळखला जातो आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. न्यूमोकोकससारखे काही जंतू अंगावर शर्करेचे कवच घेऊन येतात व भक्षक पेशींना सहज दाद देत नाहीत. त्यांच्याशी झुंजण्यात प्लीहेचा हात धरणारा दुसरा अवयव नाही.

हे ध्यानी येण्यास उशीर झाला. प्लीहा काढली तरी माणूस सुखाने जगतो, असाच दीर्घकाळ समज होता. 1952 साली किंग व शुमाकर या अमेरिकी शल्यविशारदांनी, प्लीहा काढलेल्या पाच तान्ह्या मुलांना पुढे गंभीर जंतुसंसर्ग झाल्याचे प्रसिद्ध केले आणि त्या समजाला तडा गेला. आता अपघातात प्लीहेला इजा झाली, पण रुग्णाचा रक्तदाब स्थिर असला, तर अनेकदा शस्त्र न लावता रुग्णालयात बारकाईने लक्ष ठेवले जाते.

थॅलॅसेमियाच्या घरांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. या विकाराचे वाहक सिंधी, कच्छी, लोहाणा अशा समाजांत तुलनेने अधिक आढळतात. विवाहापूर्वी रक्तातील हिमोग्लोबिन ए-2 तपासण्याचा आग्रह त्यामुळेच. पत्रिका जुळविण्यास जेवढा वेळ दिला जातो, त्याच्या अंशानेही ही तपासणी होऊन जाते. बाधित मुलाची प्लीहा फुगली की बाहेरून दिलेले रक्तही ती झपाट्याने नष्ट करू लागते. ती काढल्यास रक्ताची गरज घटते, संसर्गाचे भय मात्र वाढते. म्हणून शक्यतो वयाच्या पाच वर्षांपर्यंत शस्त्रक्रिया टाळतात, आणि ठरवून करावयाची असल्यास न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस व हिब यांच्या लसी किमान दोन आठवडे आधी देतात.

लसींनी धोका घटतो, संपत नाही. ज्याची प्लीहा काढलेली आहे त्याला थंडी वाजून ताप आला, तर औषधाच्या दुकानातील गोळी घेऊन सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. असा संसर्ग काही तासांत साऱ्या शरीरात पसरतो. रात्र असो वा परगावचा मुक्काम, तत्काळ रुग्णालय गाठावे आणि दारातच ‘प्लीहा काढलेली आहे’ असे सांगावे. शस्त्रक्रियेची तारीख व घेतलेल्या लसी लिहिलेले कार्ड अशा व्यक्तीच्या पाकिटात कायम असावे.