रिफर्बिश्ड कॅमेरा : सवलत किती, जबाबदारी कोणाची?

एकदा विकला गेलेला, काही कारणाने परत आलेला आणि तपासून, लागेल तिथे दुरुस्त करून पुन्हा विक्रीला काढलेला कॅमेरा म्हणजे रिफर्बिश्ड कॅमेरा. बाजारात मात्र या एका शब्दाखाली चार तऱ्हेचा माल खपतो. पहिला, खोके उघडले पण वापर झाला नाही असा ‘ओपन बॉक्स’ किंवा दुकानात हाताळायला ठेवलेला ‘डेमो पीस’. दुसरा, उत्पादक कंपनीने स्वतः तपासून स्वतःच्या वॉरंटीसह विकलेला. तिसरा, दुकानदाराने बदल्यात घेऊन, साफसूफ करून आपल्या हमीवर विकलेला. चौथा, मूळ मालकाकडून थेट घेतलेला सेकंडहँड. अमेरिकेत कॅनन आणि निकॉन या कंपन्या दुसऱ्या तऱ्हेचा माल स्वतः विकतात. भारतात ग्राहकापुढे येतो तो बहुतेक तिसऱ्या आणि चौथ्या तऱ्हेचा. त्यामुळे पाटीवर काय लिहिले आहे याला फारसे महत्त्व नाही. तपासणी कोणी केली आणि उद्या बिघाड झाला तर कोणाच्या दारात जायचे, हे आधी ठरले पाहिजे.

ब्रिटनच्या एमपीबी किंवा अमेरिकेच्या केईएच यांसारख्या जुन्या मालाच्या मोठ्या विक्रेत्यांकडून परदेशातून मागवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. पण भारताच्या विदेश व्यापार धोरणात भांडवली यंत्रसामग्री सोडून इतर वापरलेल्या वस्तूंची आयात निर्बंधित आहे आणि तिला परवाना लागतो. तेव्हा निवड करायची ती इथल्याच बाजारात.

पनवेलचा ग्राहक

पनवेल परिसरात हा प्रश्न मुख्यतः दोघांना पडतो. एक, पक्ष्यांचे फोटो काढणारे. मुंबई-गोवा महामार्गावरचे कर्नाळा पक्षी अभयारण्य पनवेलपासून साधारण बारा किलोमीटरवर आहे आणि रायगडचा जिल्हा पक्षी असलेला तिबोटी खंड्या पावसाळ्यात तिथे विणीला येतो. ढगाळ हवा, झाडांची दाट सावली आणि मुठीत मावेल एवढा पक्षी, या तिन्हींमुळे लांब पल्ल्याची लेन्स आणि कमी उजेडात टिकणारी बॉडी लागते. दोन्ही गोष्टी नव्याने घ्यायच्या तर हौशी माणसाचे बजेट कोलमडते. दुसरे, लग्नसमारंभांचे फोटोग्राफर. त्यांना हातातला कॅमेरा ऐन मुहूर्तावर बंद पडला तर चालत नाही, म्हणून दुसरी बॉडी लागतेच.

दोघांनाही मोठा बाजार जवळ आहे. पनवेलहून हार्बर मार्गाची लोकल थेट सीएसएमटीला जाते आणि स्टेशनाजवळच फोर्टातला बोरा बाजार आहे. तिथल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत नवा-जुना माल शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतो. ऑनलाइन खरेदीत ही सोय नाही आणि जुन्या मालात तर प्रत्यक्ष हाताळणीला पर्याय नाही.

शटर काउंटचा खरा अर्थ

जुन्या बॉडीची चौकशी शटर काउंटपासून, म्हणजे आजवर शटर किती वेळा उघडझाप झाले यापासून, सुरू होते. यांत्रिक शटर किती वेळा उघडझाप होईपर्यंत टिकते, याची चाचणी कंपन्या करतात. निकॉन डी५६००चा हा आकडा एक लाख, कॅनन ५डी मार्क थ्रीचा दीड लाख, निकॉन डी८५०चा दोन लाख, तर कॅनन १डी एक्स मार्क टूचा चार लाख आहे. हा आकडा उलटताच शटर बंद पडते असे नाही. काही त्याच्या दुप्पट चालतात, काही अर्ध्यावर जातात. पण अंदाज बांधायला तो उपयोगी आहे. एका लग्नात दोन-तीन हजार क्लिक सहज होतात. असे पन्नास कार्यक्रम केलेली बॉडी लाख-दीड लाखाच्या घरात पोहोचलेली असते.

निकॉनच्या बहुतेक कॅमेऱ्यांत शटर काउंट फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो. कॅमेऱ्यातून ताजा फोटो काढून फाइल तपासली की तो कळतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो फाइलमध्ये येत नाही. त्यासाठी बॉडी कॉम्प्युटरला जोडावी लागते किंवा सर्व्हिस सेंटरमधून अहवाल घ्यावा लागतो. कमी आकड्यावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. व्हिडिओ आणि इलेक्ट्रॉनिक शटर यांत यांत्रिक शटर फारसे झिजत नाही, त्यामुळे तासन्‌तास शूटिंगला वापरलेल्या मिररलेस बॉडीचा काउंटही थोडाच दिसतो. निकॉन झेड८ आणि झेड९ यांना तर यांत्रिक शटरच नाही. अशा बॉडीचा वापर ओळखायचा तो ग्रिपच्या रबरावरून, बटणांवरच्या पुसलेल्या अक्षरांवरून आणि लेन्स बसवण्याच्या धातूच्या कड्यावरच्या ओरखड्यांवरून. स्क्रूची डोकी घासलेली दिसली, तर बॉडी कुठेतरी उघडली गेली आहे असे समजावे आणि दुरुस्तीची पावती मागावी.

सेन्सर आणि हळदीचा लेसर

रायगडच्या आगरी-कोळी पट्ट्यात लग्नापेक्षा हळदीची रात्र मोठी असते. तिथल्या डीजेच्या लेसर दिव्यांचा सरळ झोत लेन्समधून सेन्सरवर पडला, तर सेन्सरचे काही पिक्सेल किंवा आख्खी ओळ कायमची जळते. हे नुकसान दुरुस्त होत नाही. सेन्सर बदलावा लागतो आणि त्याचा खर्च जुन्या बॉडीच्या किमतीजवळ जातो. या भागातून लग्नाच्या कामातली बॉडी घेताना ही तपासणी टाळू नये.

तपासायला पाच मिनिटे लागतात. लेन्सवर झाकण लावून वाढीव आयएसओवर एक-दोन सेकंदांचा फोटो काढावा आणि स्क्रीनवर मोठा करून पाहावा. एखाद-दुसरा चमकता ठिपका चालतो. आडवी किंवा उभी रंगीत रेघ दिसली, तर व्यवहार तिथेच थांबवावा. मग लेन्सचे अपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा अथवा मोकळ्या आकाशाचा फोटो काढावा. त्यात दिसणारे धूसर काळे डाग धुळीचे असतात आणि ते साफ होतात. साफ करूनही न हलणारे डाग म्हणजे सेन्सरवरच्या काचेला गेलेले चरे.

कोकणातली बुरशी

लेन्सची काच वर्षानुवर्षे टिकते, म्हणून जुन्या लेन्सचा व्यवहार जुन्या बॉडीपेक्षा एरवी सुरक्षित मानला जातो. कोकणात मात्र बुरशीचा धोका जमेस धरावा लागतो. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि चार महिने हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते. साठ-सत्तर टक्क्यांच्या पुढे बंद, अंधाऱ्या जागेत काचेवर बुरशी धरायला लागते. लेन्स चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली असेल, तर एका पावसाळ्यात ती खराब होऊ शकते.

बुरशी पाहण्याची रीत सोपी आहे. लेन्सची दोन्ही झाकणे काढावीत आणि अपर्चर पूर्ण उघडे ठेवावे. निकॉनच्या बहुतेक जुन्या लेन्स बॉडीवरून काढल्या की अपर्चरची पाती मिटतात. मागची छोटी कळ बोटाने हळूच सरकवली की ती उघडतात. मग अंधाऱ्या जागी एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून दुसऱ्या बाजूने आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, फांद्या फुटलेले पांढुरके तंतू दिसले, तर ती बुरशी. सगळीकडे पातळ दुधी थर दिसला, तर ते आतले धुके. कडेला इंद्रधनुषी पट्टा दिसला, तर चिकटवलेल्या दोन काचा सुटू लागल्याची ती खूण. काठावरची थोडी बुरशी कुशल कारागीर काढू शकतो. पण तिने काचेवरचा लेप खाल्ला असेल, तर साफ केल्यावरही डाग राहतो आणि उजेडासमोर काढलेल्या फोटोंतला कॉन्ट्रास्ट जातो. तेव्हा बुरशी लागलेली लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

ओलाव्याची दुसरी निशाणी बॅटरीच्या कप्प्यात आणि वरच्या फ्लॅशच्या खाचेत सापडते. तिथल्या धातूवर हिरवट-पांढरा थर किंवा गंज असेल, तर कॅमेरा पावसात किंवा खाऱ्या हवेत राहिलेला असतो. आतल्या सर्किटचे काय झाले असेल, हे बाहेरून कळत नाही.

माउंटचे आयुष्य

जुन्या बाजारात आज डीएसएलआर स्वस्त मिळतात, त्याला कारण आहे. निकॉनचा एफ माउंट १९५९चा आणि कॅननचा ईएफ माउंट १९८७चा. २०१८ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिररलेससाठी अनुक्रमे झेड आणि आरएफ हे नवे माउंट आणले आणि नवी मॉडेले तिकडेच वळली. जुन्या लेन्स त्यामुळे वाया गेल्या नाहीत. कॅननच्या ईएफ लेन्स कंपनीच्या ॲडॅप्टरने आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड ॲडॅप्टरवर आतमध्ये मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स चालतात, पण बिनमोटरीच्या जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. स्वस्त लेन्स घेऊन पुढे मिररलेसवर जायचा विचार असेल, तर ही जोडी आधी पाहून घ्यावी. उत्पादन थांबलेल्या बॉडीचे सुटे भागही काही वर्षांनी मिळेनासे होतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी त्या मॉडेलची दुरुस्ती अजून होते का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारणे शहाणपणाचे.

बिल, कर आणि कायदा

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दुकानदाराला लागू होतो, खासगी मालकाला नाही. दुकानातून बिलावर घेतलेला रिफर्बिश्ड कॅमेरा सांगितल्याप्रमाणे निघाला नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पुढे ग्राहक जिथे राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते. पनवेलकरांसाठी तो आयोग अलिबागला आहे. ही तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. खासगी मालकाशी केलेल्या व्यवहारात असा आधार नसतो. म्हणून मूळ बिल, खोके आणि बॉडीवरचा अनुक्रमांक यांचा मेळ पाहणे गरजेचे. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसा संशय घ्यायला कारण असूनही तो ठेवून घेणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बिल नाही आणि किंमत निम्म्याहून खाली, अशा कॅमेऱ्यापासून दूरच राहावे.

व्यावसायिक फोटोग्राफरला कराचाही हिशेब करावा लागतो. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. जीएसटीत नियमित नोंदणी असलेल्या फोटोग्राफरने नवी बॉडी १,१८,००० रुपयांना घेतली, तर त्यातले १८,००० तो स्वतःच्या करातून वजा करू शकतो आणि बॉडी त्याला एक लाखाला पडते. जुन्या मालाचा व्यापारी मात्र बहुधा फक्त आपल्या नफ्याच्या फरकावर कर भरतो आणि त्या बिलावर खरेदीदाराला वजावट मिळत नाही. मग ९५,००० रुपयांची रिफर्बिश्ड बॉडी २३,००० ने स्वस्त दिसली, तरी खरी बचत ५,००० चीच. तेवढ्यासाठी कंपनीची वॉरंटी सोडण्यात अर्थ नाही. हौशी ग्राहकाला हा हिशेब लागू नाही.

खरा खर्च

खर्च मोजताना खरेदीची किंमत आणि दुरुस्ती यांच्या बेरजेतून पुढे विकून येणारी रक्कम वजा करावी. समजा, एक बॉडी नवी १,००,००० ला आणि रिफर्बिश्ड ७०,००० ला मिळते. तीन वर्षांनी पहिली ५०,००० ला आणि दुसरी ४०,००० ला विकली गेली. खरा खर्च अनुक्रमे ५०,००० आणि ३०,००० झाला, म्हणजे वाचले २०,०००. मधल्या काळात १२,००० रुपये देऊन शटर बदलावे लागले, तर बचत ८,००० वर येते. सुरुवातीची सवलत कमी असेल, तर अशा एका दुरुस्तीत ती सगळी संपते.

यातून निर्णय सरळ निघतो. लेन्स, ट्रायपॉड आणि फ्लॅश तपासून जुने घ्यायला हरकत नाही. बॉडी रिफर्बिश्ड घ्यायची तर निदान सहा महिन्यांची लेखी वॉरंटी, पक्के बिल आणि मूळ किमतीपेक्षा पाव हिश्शाहून अधिक सवलत, या तिन्ही गोष्टी असतील तरच. एकही कमी पडली, तर नवी घ्यावी किंवा थांबावे. मेमरी कार्ड आणि बॅटरी मात्र नव्याच असाव्यात, कारण त्यांची झीज बाहेरून दिसत नाही आणि त्या दगा देतात तेव्हा फोटोच हातचे जातात. ज्याचे घर कॅमेऱ्यावर चालते, त्याने मुख्य बॉडी नवी आणि जोडीची रिफर्बिश्ड ठेवावी. जुने किंवा नवे काहीही घेतले, तरी पावसाळ्यापूर्वी ड्राय कॅबिनेट किंवा सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा आणावा आणि आतली आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांत राखावी. पनवेलच्या हवेत या खर्चाची काटकसर करू नये.