जहाजाला जहाजच समजा

मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणारी क्रूझ आता मराठी मध्यमवर्गीय घरांच्या सुट्टीच्या बेतांत सहज येते. सिंगापूरच्या सहलीला तीन-चार रात्रींची क्रूझ जोडून घेणंही रूढ झालं आहे. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांनी एकत्र जावं, रोज सामान बांधायला-सोडायला लागू नये, गुडघे दुखतात म्हणून कुणाला मागे राहावं लागू नये, असं वाटत असेल तर क्रूझसारखी दुसरी सहल नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच चुकीच्या समजुतींपायी तिचा विरस झालेला पाहवत नाही. बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. जाहिरातीतलं ‘तरंगतं हॉटेल’ आपण शब्दशः खरं धरतो. खोली, जेवण आणि करमणूक हॉटेलसारखी असते खरी. पण वेळ, सुरक्षा, सामान, फोन आणि बिल यांना नियम लागतात ते जहाजाचे.

‘दहा मिनिटं उशीर झाला तर थांबतील’

थांबत नाहीत. बंदरातून जहाज बाहेर काढण्यासाठी स्थानिक पायलट, टगबोटी आणि धक्क्यावरची जागा यांच्या वेळा आधीच बांधलेल्या असतात. प्रवाशांची यादीही निघण्यापूर्वी पूर्ण व्हावी लागते. त्यामुळे जहाज पाचला सुटणार असेल तर चेक-इन साधारण तास-दीड तास आधीच बंद होतं. तिकिटावर छापलेली सुटण्याची वेळ ही तुमच्या पोचण्याची वेळ नव्हे. पुण्या-नाशिकहून त्याच दिवशी दुपारी निघून घाटातल्या आणि मुंबईतल्या वाहतुकीवर भरवसा ठेवू नका. परदेशातून क्रूझ घ्यायची असेल तर विमानानं आदल्या दिवशीच पोचायला हवं. सिंगापूरला मरीना बे आणि हार्बरफ्रंट अशी दोन वेगवेगळी क्रूझ टर्मिनल आहेत. टॅक्सीत बसण्यापूर्वी आपलं कोणतं ते पाहून घ्यावं.

वाटेतल्या बंदरात उतरल्यावरही हाच नियम. मार्च २०२४ मध्ये ‘नॉर्वेजियन डॉन’ या जहाजावरचे आठ प्रवासी आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या साओ टोमे बेटावर खासगी सहलीला गेले आणि वेळेत परतू शकले नाहीत. त्यांत वयस्कर माणसं होती, एक गरोदर स्त्री होती. जहाज निघून गेलं. ही मंडळी अनेक देश ओलांडत जहाजाच्या मागे फिरली आणि अखेर सेनेगलमधल्या डकारला त्यांना ते गाठता आलं. जहाजाच्या कंपनीनंच आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबतं किंवा पुढची सोय कंपनी करते. तुम्ही स्वतः ठरवलेल्या टॅक्सीला ते संरक्षण नाही. स्वतंत्र फिरा, जरूर फिरा, ते स्वस्तही पडतं. फक्त परतीच्या वेळेआधी दीड-दोन तास हाताशी ठेवा आणि घड्याळ जहाजाच्या वेळेनं चालवा. मोबाइल स्थानिक वेळ दाखवतो, जहाजाची वेळ कधी कधी वेगळी असते.

‘जहाज थेट शहरात लागतं’

कार्यक्रमपत्रिकेत ‘गोवा’ लिहिलेलं असतं. जहाज लागतं मुरगावला, वास्कोजवळ. तिथून पणजी सुमारे तीस किलोमीटर, कळंगुट त्याहूनही पुढे. पाच-सहा तासांच्या मुक्कामात उत्तर गोव्याचे किनारे, मंगेशी आणि जुनं गोवं असा बेत आखला की सगळा दिवस गाडीत जातो. परदेशातही तेच. ‘क्वालालंपूर’ म्हणजे पोर्ट क्लांग, ‘बँकॉक’ म्हणजे लाएम चबांग, ‘रोम’ म्हणजे चिवितावेकिया, आणि ‘पॅरिस’ म्हणजे ल हाव्र, तिथून पॅरिस सुमारे दोनशे किलोमीटर. बुकिंग करण्यापूर्वी शहराचं नाही, बंदराचं नाव विचारायचं.

लक्षद्वीपची गोष्ट आणखी वेगळी. बेटांभोवती प्रवाळाचे कडे आणि उथळ लगून असल्यानं मोठं जहाज बाहेर खोल पाण्यात थांबतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. समुद्र खवळलेला असेल तर बोटी सोडत नाहीत, आणि बेट केबिनच्या खिडकीतूनच पाहावं लागतं. यात फसवणूक नाही. हवामानामुळे मार्ग बदलण्याचा, बंदर गाळण्याचा अधिकार कंपनीला करारानंच असतो आणि सुरक्षेसाठी तो असायलाच हवा. मुलांना मात्र हे आधी सांगून ठेवावं.

‘ड्रिलला गेलं नाही तरी चालतं’

सगळ्यांत घातक गैरसमज हा. जहाजावर पाऊल ठेवल्यानंतर पहिलं काम असतं मस्टर ड्रिलचं. आणीबाणीत आपण कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं, सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की त्याचा अर्थ काय, हे त्यात सांगतात. हल्ली अनेक जहाजांवर केबिनमधल्या टीव्हीवर किंवा मोबाइलवर चित्रफीत पाहून आपल्या मस्टर स्टेशनवर कार्ड दाखवून यायचं असतं. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. तरीही बरीच कुटुंबं बुफेच्या रांगेतून उठायला तयार नसतात आणि कर्मचाऱ्यांना माणसं शोधत फिरावं लागतं.

हा नियम आजच्या रूपात का आला, ते माहीत असलं तर कुणी टाळाटाळ करणार नाही. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली. तेव्हाच्या नियमानुसार प्रवासी चढल्यापासून २४ तासांच्या आत ड्रिल घेतली तरी चालत असे. त्या संध्याकाळीच चिवितावेकियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालेलीच नव्हती. अंधारात, कललेल्या जहाजावर कुठे जायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दुर्घटनेत ३२ जण दगावले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा करारात बदल झाला आणि १ जानेवारी २०१५ पासून ड्रिल जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणं बंधनकारक झालं.

मुलं बरोबर असतील तर आणखी दोन गोष्टी. लहान मापाचं लाइफ जॅकेट केबिनमध्ये किंवा मस्टर स्टेशनवर आहे ना, हे पहिल्याच दिवशी विचारावं. आणि मूल किड्स क्लबमध्ये असताना भोंगा वाजला तर त्याला कोण कुठे आणणार, हे तिथल्या कर्मचाऱ्यांकडून समजून घ्यावं. त्यांची पद्धत ठरलेली असते. ती माहीत नसलेले आईबाप गर्दीच्या उलट दिशेनं धावत सुटतात.

या बेफिकिरीच्या अगदी विरुद्ध टोकाची भीतीही आपल्याकडे आहे. घरातली जुनी माणसं बोटीचं नाव काढताच ‘रामदास’ची आठवण काढतात. ती भीती पोकळ नव्हे. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ती बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पण ‘रामदास’ चारशे टनांच्या आसपासची बोट होती. मुंबईहून सुटणारी ‘एम्प्रेस’ ४८ हजार टनांच्या वरची आहे, आणि सिंगापूरहून सुटलेली ‘स्पेक्ट्रम ऑफ द सीज’ तर १ लाख ६९ हजारांची. जहाजांचं हे टनेज वजनाचं नसून आतल्या जागेचं माप असतं, तरी फरक ध्यानात येतो. शिवाय प्रत्येक प्रवाशासाठी जीवरक्षक नौकेत जागा राखून ठेवलेली असते. म्हणूनच कधी कधी केबिनमध्ये चौथा पलंग रिकामा असूनही चौथ्या माणसाचं बुकिंग मिळत नाही, कारण त्या विभागाच्या नौकांची क्षमता भरलेली असते. आजोबांना हे नीट समजावून सांगितलं तर ते येतील.

‘मला बोट लागणारच’

लागेलच असं नाही. आपल्या कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव म्हणतो की शरीर हलतंय, आणि बंद खोलीतले डोळे म्हणतात की सगळं स्थिर आहे. या विसंवादातून मळमळ होते. मोठ्या जहाजांच्या पोटाला दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डाव्या-उजव्या हेलकाव्यांना बराच आळा घालतात. केबिन कुठे घेता यावरही पुष्कळ अवलंबून आहे. जास्त पैसे मोजून सर्वांत वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची केबिन घेणारे लोक नकळत सर्वांत जास्त हलणारी जागा विकत घेतात. खालचे मजले आणि जहाजाचा मधला भाग सर्वांत कमी हलतो. बोट लागायला लागली तर केबिनमध्ये पडून मोबाइल पाहू नये, उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे नजर ठेवावी. पोट रिकामं ठेवू नये. आल्याचा अनेकांना उपयोग होतो.

गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्याआधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. प्रोमेथाझिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, दोन वर्षांखालच्या मुलांना ते औषध देत नाहीत, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या वयस्कर माणसांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये. अरबी समुद्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी सर्वांत शांत असतो. पहिल्या क्रूझसाठी तेच दिवस निवडावेत.

‘तिकिटात सगळं आलं’

निवास, मुख्य उपाहारगृहातलं आणि बुफेतलं जेवण, बहुतेक कार्यक्रम, पोहण्याचा तलाव, हे येतं. मद्य, शीतपेयं, खास उपाहारगृहं, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली, स्पा, हे सहसा येत नाही. आंतरराष्ट्रीय क्रूझवर सेवाशुल्क वेगळं लागतं, दरडोई दररोज साधारण पंधरा ते वीस डॉलर, आणि अनेक कंपन्या ते मुलांसाठीही आकारतात. चौघांच्या कुटुंबाला चार रात्रींत हा आकडा जाणवण्याइतका मोठा होतो. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, केबिनचं कार्डच सगळीकडे वापरलं जातं, आणि मुलांच्या हातातलं कार्ड व्हिडिओ गेमच्या दालनातही चालतं. पहिल्याच दिवशी स्वागतकक्षात सांगून मुलांच्या कार्डावरची खरेदी बंद करता येते. पाण्याच्या बाटल्यांची खोकी मात्र नेऊ नका. जहाजावर शुद्ध केलेलं नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

फोनच्या बाबतीत सावध राहा. किनारा मागे पडला की मोबाइल जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला आपोआप जोडला जातो. नेहमीच्या आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅकमध्ये हे नेटवर्क बहुतेकदा नसतं आणि त्याचे दर फार चढे असतात. जहाज सुटताच प्रत्येकाचा फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि नुसतं वायफाय चालू ठेवायचं. मुलांचेसुद्धा.

सामानातून इलेक्ट्रिक किटली, इस्त्री आणि छोटा कुकर काढून ठेवा. समुद्रात आग लागली तर पळायला रस्ता नसतो, म्हणून तापणारी उपकरणं तपासणीत काढून घेतात आणि उतरताना परत देतात. घरून नेलेली पोळी-भाजीही बहुतेक ठिकाणी अडवतात. बंद पाकिटातला चिवडा-लाडू अनेक कंपन्या चालवून घेतात, आधी विचारलेलं बरं. जैन जेवण किंवा कांदा-लसूण नसलेलं जेवण हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच नोंदवावं. ऐन वेळी सांगितलं तर फळं आणि सॅलडवर भागवावं लागतं.

लहान मुलांबद्दलचे नियम कडक आहेत. बहुतेक आंतरराष्ट्रीय कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत, सलग अनेक दिवस समुद्रातच असणाऱ्या सफरींवर ही मर्यादा वर्षाची होते. गरोदरपणाचे २४ आठवडे प्रवासात केव्हाही पूर्ण होत असतील तर प्रवेश नाही. डायपरमधल्या मुलांना मुख्य तलावात सोडत नाहीत, आणि सगळ्या जहाजांच्या तलावांवर जीवरक्षक नसतात. बाल्कनीत खुर्ची कठड्याजवळ ठेवू नये, यावर मी पुन्हा पुन्हा भर देईन. वयस्करांसाठी धोका बाथरूमच्या दारात असतो. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तिथला उंबरठा उंच असतो, आणि रात्री पाय अडकतो. आजी-आजोबा नातवंडांना आईवडिलांशिवाय नेत असतील तर दोघा पालकांचं संमतिपत्र जवळ हवं. सिंगापूरहून निघून तिथेच परतायचं असेल तर व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे का, ते तपासावं.

हात धुण्याबद्दलही एक गैरसमज आहे. दारातलं सॅनिटायझर लावलं की झालं, असं वाटतं. जहाजांवर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलनं नीट मरत नाही. साबण आणि पाणीच हवं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनुसार नोंदल्या गेलेल्या नोरोव्हायरस-साथींपैकी जहाजांवरच्या साथी एक टक्क्याच्या आसपासच आहेत, तेव्हा घाबरण्याचं कारण नाही. जहाजावर डॉक्टर असतो, त्याची फी मात्र द्यावी लागते. गंभीर आजारात रुग्णाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च प्रचंड होतो आणि घरची मेडिक्लेम पॉलिसी परदेशी समुद्रात सहसा कामी येत नाही. वैद्यकीय स्थलांतराचा उल्लेख असलेला प्रवास विमा घ्यावा.

चढताना मोठ्या बॅगा टर्मिनलवर जमा होतात आणि केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते. म्हणून रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या, कागदपत्रं, मुलांचे पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत असावेत. शेवटच्या रात्री हेच उलट क्रमानं होतं. बॅगा चिठ्ठी लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या आणि त्या थेट टर्मिनलवर मिळतात. उत्साहात सगळं बांधून टाकलं तर सकाळी घालायला कपडे उरत नाहीत. सकाळचा एक जोड, औषधं आणि पासपोर्ट बाहेर काढून मगच बॅगा दाराबाहेर ठेवा, आणि परतीचं विमान दुपारनंतरचं घ्या.