आदिलाबाद जिल्ह्यातील शेतजमिनीची खरेदी-विक्री : पट्टा, दप्तर आणि वहिवाट

शेतजमिनीची खरेदी-विक्री म्हटली की विकणारा आणि घेणारा असे दोनच पक्ष आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. वास्तविक या व्यवहारात तिसरा एक पक्ष नेहमीच हजर असतो. तो म्हणजे सरकारी दप्तर. जमीन कोणाची, या प्रश्नाचे अखेरचे उत्तर दप्तर देते. ज्याचे नाव तेथे नाही, त्याची जमीन त्याने न विकताही दुसऱ्याची होऊ शकते. निजामी राजवटीतील आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहास या विधानाचे ठळक उदाहरण होय.

प्रथम भूप्रदेशाची ओळख करून घेऊ. उत्तरेस पैनगंगा, पुढे वर्धा व प्राणहिता आणि दक्षिणेस गोदावरी, अशा नद्यांच्या मधला हा डोंगराळ मुलूख. 1905 साली आदिलाबाद हा पूर्ण दर्जाचा जिल्हा झाला. मराठीभाषक किनवट आणि राजुरा हे भाग त्यात समाविष्ट होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत ते नांदेड जिल्ह्यात गेले आणि 1959 मध्ये राजुरा चंद्रपूर जिल्ह्यास जोडला गेला. उरलेल्या जिल्ह्याचे 2016 साली आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. येथे इंग्रजांचे प्रत्यक्ष राज्य नव्हते. परंतु पैनगंगेपलीकडील वऱ्हाड 1853 पासून इंग्रजी कारभाराखाली होते. तिकडील बाजारपेठेचा आणि महसूलपद्धतीचा प्रभाव नदी ओलांडून येतच होता.

पूर्वी या मुलखात जमीन विपुल आणि कसणारे हात थोडे होते. त्यामुळे मोल होते ते कसणाऱ्याला. जमिनीला स्वतंत्र बाजारभाव असा नव्हता. सरकारला हवा होता तो सारा, आणि साऱ्याची वसुली मक्तेदारांकडे सोपविलेली असे. दिवाण पहिले सालारजंग यांनी ही मक्तेदारी मोडून काढली आणि 1865 मध्ये जिल्हाबंदी अमलात आणली. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी सुरू झाली. शेताला नंबर आला, क्षेत्र ठरले, आकार ठरला आणि त्यासमोर एका इसमाचे नाव लिहिले गेले. हाच पट्टा. सारा भरीत राहील तोवर पट्टेदाराचा कबजा वंशपरंपरेने चालावा, आणि तो त्यास विकता किंवा गहाण टाकता यावा, असे हे तत्त्व होते. 1317 फसली, म्हणजे 1907-08 च्या महसूल कायद्याने त्यास सविस्तर रूप दिले.

या व्यवस्थेचा लाभ उघड होता. शेतकऱ्यास स्थैर्य मिळाले. परंतु जे विकता येते ते गहाणही पडते, आणि जे गहाण पडते ते बुडूही शकते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, 1861 ते 1865 दरम्यान, कापसाचे भाव चढले तेव्हा वऱ्हाड-खानदेशात जमिनीची पत वाढली. भाव उतरल्यावर कर्ज मात्र कायम राहिले. 1875 साली सुपे येथून पुणे-नगर भागात पसरलेल्या दंग्यांत कुणब्यांनी सावकारांकडील कर्जखते हिसकावून जाळली. रोष कागदावर होता, कारण जमीन कागदाच्या वाटेने चालली होती. त्यानंतर 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आणि 1900 चा पंजाबातील जमीन हस्तांतरणाचा कायदा यांनी या व्यवहारांवर मर्यादा घातल्या.

आदिलाबादच्या डोंगरपट्ट्यात प्रश्न याहून खोल होता. दख्खनच्या कुणब्याजवळ गहाण टाकण्यापुरता तरी पट्टा होता. येथील गोंड आणि कोलाम यांपैकी अनेकांजवळ तोही नव्हता. पठारावरील हलकी जमीन ते काही वर्षे कसत आणि पुढे काही वर्षे पडीक ठेवीत. जमिनीला विश्रांती देणारी ही रीत शेतीच्या दृष्टीने शहाणपणाची होती. दप्तराच्या दृष्टीने मात्र पडीक शेत म्हणजे सोडून दिलेले शेत. पुष्कळांची वहिवाट ‘शिवाय जमा’ या सदरात मोडे. म्हणजे सरकार त्यांच्याकडून सारा घेई, परंतु पट्ट्याचा हक्क मानीत नसे. सारा भरला म्हणजे जमीन आपली झाली, असा कसणाऱ्याचा प्रामाणिक समज असे.

अशा जमिनीचा पट्टा मिळविण्याचा मार्ग म्हणजे ‘लावणी’. इच्छुकाने तहसिलीत अर्ज करावयाचा, पटवाऱ्याने अहवाल द्यावयाचा आणि मंजुरी झाली की नाव चढावयाचे. 1884 पासून वरच्या कचेऱ्यांची भाषा उर्दू होती, मराठी मुलखात पटवाऱ्याचे दप्तर मोडीत असे, आणि गोंडाच्या घरची भाषा गोंडी. ज्याला अर्ज लिहिता येई आणि पटवाऱ्याला राजी राखता येई, त्याचे काम होई. रस्ते आणि रेल्वे आल्यावर सपाटीवरून आलेल्या शेतकऱ्यांनी, व्यापाऱ्यांनी आणि सावकारांनी अशा रीतीने पट्टे मिळविले. काल जो आपल्या शेतात नांगर धरीत होता, तो आज त्याच शेतात दुसऱ्याचा बटाईदार झाला. या बदलात खरेदीखत झाले नाही आणि कसणाऱ्याच्या पदरात मोबदलाही पडला नाही.

याच काळात राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या आणि कित्येक शेते व वस्त्या त्यांच्या आत सापडल्या. या कोंडीतूनच बाबेझरी परिसरात कोमरम भीम यांचा लढा उभा राहिला. 1940 साली जोडेघाट येथे पोलिसांच्या गोळीबारात ते मारले गेले. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी या प्रदेशाचा अभ्यास करून निजाम सरकारास अहवाल दिले. त्यांचा मुख्य आग्रह कसणाऱ्याच्या नावे पट्टा करण्याचा होता. 1940 च्या दशकाच्या अखेरपर्यंत अकरा हजारांहून अधिक आदिवासींना सुमारे 1 लाख 60 हजार एकर जमीन पट्ट्याने देण्यात आली. पुढे इतिहाससंशोधक म्हणून महाराष्ट्रास परिचित झालेले सेतुमाधवराव पगडी हेही हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना येथील गोंडांमध्ये वावरले, त्यांची भाषा शिकले आणि त्यांच्याविषयी लिहिते झाले.

शाळेच्या दृष्टीने याच प्रयत्नांतील एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. 1943 मध्ये मारलावाई या गोंड गावी शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र निघाले आणि देवनागरी लिपीत गोंडी वाचनपुस्तके तयार झाली. ज्याला आपली साऱ्याची पावती वाचता येत नाही, त्याला दिलेला पट्टा टिकणार नाही. पट्टा आणि पाटी ही दोन्ही एकाच कामाची अंगे आहेत, हा त्यामागील विचार होता.

स्वातंत्र्यानंतर कायदे अधिक कडक झाले. अनुसूचित क्षेत्रातील जमीन हस्तांतरणाविषयीचा 1959 चा आंध्र प्रदेशातील विनियम 1963 मध्ये तेलंगणास लागू झाला. 1970 च्या दुरुस्तीने तर या क्षेत्रातील जमीन आदिवासींना किंवा केवळ आदिवासींच्या सहकारी संस्थेलाच देता येईल, असा दंडक घातला. बिगरआदिवासीच्या ताब्यातील जमीन मूळ आदिवासीकडून आलेली आहे, असे गृहीत धरून तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार ताबेदारावर टाकला. तरीही जमिनीची तक्रार मिटली नाही. 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या मागण्यांसाठी जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला.

येथे एका बाजूला सरसकट दोष देणे न्याय्य होणार नाही. नदी ओलांडून आलेले पुष्कळ मराठी कुणबी, माळी स्वतः कष्टकरीच होते. त्यांनी घाम गाळून माळरान पिकाखाली आणले आणि त्यांच्या पुढील पिढ्याही याच मातीत वाढल्या. दोन गरजवंतांमध्ये कागद ज्याच्या हाती, त्याची सरशी झाली, एवढेच इतिहास सांगतो.

आज दप्तर संगणकावर आले आहे. तेलंगणात 2020 मध्ये ‘धरणी’ ही व्यवस्था आली आणि 2025 मध्ये तिची जागा ‘भू भारती’ने घेतली. साधन बदलले, तत्त्व मात्र तेच आहे. म्हणून शेत घेताना केवळ खरेदीखत पाहून भागत नाही. पट्टा कोणाच्या नावे, प्रत्यक्ष वहिवाट कोणाची, जमीन अनुसूचित क्षेत्रात किंवा वनहद्दीत येते काय, आणि विकणाऱ्याकडे ती मुळात कशी आली, हे प्रश्न विचारावेच लागतात. जुन्या खतात रक्कम वाचताना रुपया हाली की कलदार, हेही पाहावे. 100 कलदार रुपयांना सुमारे 117 हाली रुपये पडत. विद्यार्थ्यांनी घरच्या पेटीतील असे कागद वडीलधाऱ्यांसमवेत एकदा उलगडून वाचावेत. त्यात कोणाची नावे आहेत हे कळेल, आणि त्या शेतात राबूनही कोणाची नावे त्यात आली नाहीत, याचाही विचार करता येईल.