रिंगटोन आपली, आवाजही आपल्या माणसांचा!

दिग्रसच्या बसस्थानकावर एक फोन वाजला, की आजूबाजूचे चार जण खिसा चाचपतात. फोनमध्ये कंपनीने भरून दिलेली धून अनेकांची सारखीच असते. शेतात अडचण आणखी वेगळी. कापूस वेचताना हात गुंतलेले आणि फोन धुऱ्यावरच्या पिशवीत. अशा वेळी फोन घरचा आहे की उगाचचा, हे नुसत्या आवाजावरून कळले तर चक्कर वाचते. स्वतःच्या संगीतातून रिंगटोन तयार केल्यास हे जमते, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

रिंगटोन आणि कॉलर ट्यून यांत फरक काय?

रिंगटोन आपल्या फोनमध्ये असते आणि आपल्याला ऐकू येते. कॉलर ट्यून मोबाइल कंपनीकडून वाजते आणि आपल्याला फोन करणाऱ्याला ऐकू येते. त्यामुळे 'रिंगटोनसाठी महिन्याचे शुल्क' असा संदेश आला, तर तो बहुधा कॉलर ट्यूनचा असतो.

तुकडा किती मोठा हवा?

कोणी उचलला नाही तर मोबाइल ३० सेकंद वाजावा, असा नियम 'ट्राय'ने २०१९ मध्ये केला. म्हणून २५ ते ३० सेकंदांचा तुकडा पुरेसा. रिंगटोन सहसा फाइलच्या सुरुवातीपासून वाजते. त्यामुळे सुरुवातीची शांतता कापावी. फोनच्या छोट्या स्पीकरवर ढोलाचा खर्ज दबतो; खंजिरी, टाळ, बासरी किंवा माणसाचा आवाज गर्दीतही ओळखू येतो.

अँड्रॉइडवर कशी लावायची?

गाणे एमपी३ स्वरूपात फोनमध्ये असावे. बऱ्याच फोनमधील रेकॉर्डरमध्ये 'ट्रिम'ची सोय असते, तिथे हवा तो भाग ठेवावा. मग सेटिंग्ज, साउंड, रिंगटोन असे जाऊन ती फाइल निवडावी. कंपनीनुसार नावे थोडी बदलतात. एखाद्याच व्यक्तीसाठी वेगळी धून हवी असेल, तर कॉन्टॅक्टमध्ये त्यांचे नाव उघडून 'सेट रिंगटोन' निवडावे. पुढे मूळ फाइल पुसली, तर फोन पुन्हा कंपनीच्या धुनेवर जातो.

आयफोनवर?

पूर्वी 'गॅरेजबँड' अॅपमधून ३० सेकंदांपर्यंतचा तुकडा करावा लागे. आयओएस २६पासून 'फाइल्स'मधील छोटी ध्वनिफीत 'शेअर'मधून थेट रिंगटोन म्हणून लावता येते.

गाणी ऐकण्याच्या अॅपमधले गाणे का दिसत नाही?

तिथे 'डाउनलोड' केलेले गाणे त्या अॅपच्या कुलपातच राहते. विकत घेतलेली फाइल किंवा स्वतःचे रेकॉर्डिंग चालते.

धोका कुठे?

'मोफत रिंगटोन' म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके फाइल उघडू नये. रिंगटोनच्या अॅपला एसएमस वाचण्याची परवानगी लागतच नाही. ती मागितली, तर नजर बँकेच्या ओटीपीवर असू शकते. फसवणूक झाल्यास लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे.

आपले संगीत म्हणजे कोणते?

ते सिनेमातलेच हवे असे नाही. या भागातील तांड्यांवर होळीला लेंगी म्हटली जाते, गावोगावी खंजिरी भजन होते, घरात आजीला जात्यावरच्या ओव्या पाठ असतात. गाणाऱ्याला विचारून, पंखा बंद करून, फोन हातभर अंतरावर ठेवून रेकॉर्ड केले, तर आवाज स्वच्छ येतो. शिक्षणासाठी पुण्याला गेलेल्या नातवाच्या फोनवर आजीचा नंबर आजीच्याच ओवीने वाजू शकतो.

फक्त कापताना 'सेव्ह अॅज कॉपी' निवडावे आणि पूर्ण रेकॉर्डिंगची प्रत दुसरीकडेही ठेवावी. ३० सेकंदांच्या रिंगटोनपायी आजीचे अख्खे गाणे पुसले गेले, तर ते कोणत्याही अॅपमधून परत आणता येणार नाही.