शाळेची एएमसी घेताय? रेटच्या आधी हे बघा

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबची एएमसी म्हटलं की आपण आधी रेट काढतो. पण खरी गोची जीएसटीत आहे. तुमचं रजिस्ट्रेशन असेल तर १ लाखाच्या कामावर १८ टक्के, म्हणजे बिल १,१८,००० रुपये. शिकवण्याच्या फीवर जीएसटी नाही, त्यामुळे शाळेला या १८,००० चं क्रेडिट मिळत नाही, ते सरळ खर्चात जातात. बारावीपर्यंतच्या शाळांना सिक्युरिटी आणि साफसफाईच्या सेवेवर सूट आहे, कॉम्प्युटर मेंटेनन्सवर नाही. (ऑफिसमधले लोक हे हमखास एकत्र करतात.) म्हणून कोटेशनमध्ये टॅक्स वेगळा दाखवा, नाहीतर "सगळं धरूनच सांगितलं होतंत ना?" हे ठरलेलंच.

दुसरं, चाव्या कोणाकडे? डोमेन, ॲडमिन पासवर्ड, बॅकअप शाळेच्याच नावावर ठेवा. काही व्हेंडर मुद्दाम स्वतःच्या नावावर घेतात, म्हणजे गिऱ्हाईक सुटत नाही. याला मी धंदा म्हणत नाही, अडवणूक म्हणतो. उद्या तुमचं दुकान बंद झालं तर मुलांचे रेकॉर्ड शाळेनं कुणाकडे मागायचे? २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यातही काम बाहेर दिलं तरी जबाबदारी शाळेचीच राहते.

आणि घाई नको. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिकांची ऑनस्क्रीन तपासणी एकाच हंगामात सगळीकडे लावली. निकाल इतके रखडले की कुलगुरूंना पद गमवावं लागलं. तेव्हा परीक्षेच्या तोंडावर कुणी सर्व्हर बदलायला बोलावलं, तर सरळ मे महिन्याची तारीख द्या.